'टेल्स ऑफ टेरर' (१९६२): पोच्या तीन गोष्टी एकाच पिक्चरमधे कशा आल्या

तीन भागांच्या या हॉरर पिक्चरची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर आधी पैशाचं बघावं लागतं, कारण हॉरर पिक्चरच्या जगात बऱ्याच कलात्मक निर्णयांच्या मुळाशी तोच असतो. अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स ही जेम्स निकोल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांची कंपनी. पन्नासच्या दशकात त्यांचं गणित सोपं होतं, दोन ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर झटपट उरकायचे आणि एका तिकिटात जोडीने दाखवायचे. रॉजर कॉर्मन त्यांचा हुकमी दिग्दर्शक. त्यानेच गळ घातली की दोन पिक्चरचे पैसे एकाच पिक्चरमधे घालू, पण रंगीत करू, सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचा करू, आणि गोष्ट एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची घेऊ, अशर घराण्याच्या वाड्याची. पो १८४९ मधेच गेलेला, म्हणजे हक्कांसाठी कोणाला पैसे द्यायला नकोत, आणि अमेरिकन पोरांनी तो शाळेत वाचलेलाच असतो. आर्कॉफने विचारलं यात मॉन्स्टर कुठाय, तर कॉर्मन म्हणाला, ते घरच मॉन्स्टर आहे. हा किस्सा तो नंतर सगळीकडे सांगायचा.

तर १९६० ला 'हाउस ऑफ अशर' आला, पंधरा दिवसांत शूट केलेला, आणि तुफान चालला. मग १९६१ ला 'पिट अँड द पेंड्युलम'. दोन्हीत मुख्य नट व्हिन्सेंट प्राइस, दोन्हीची पटकथा रिचर्ड मॅथेसनची. तिसऱ्या वेळी, म्हणजे 'प्रीमॅच्युअर बरिअल'ला, कॉर्मन कंपनीवर रुसून पाथे या फिल्म लॅबच्या पैशावर वेगळा पिक्चर करायला निघाला होता, प्राइस कंपनीच्या करारात अडकलेला म्हणून रे मिलंडला घेतलं, आणि शूटिंगच्या पहिल्याच दिवशी निकोल्सन आणि आर्कॉफ सेटवर हजर! पाथेचा हिस्सा त्यांनी विकत घेऊन टाकला होता.

आता खरी अडचण अशी की पोच्या गोष्टी पिक्चरला पुरतच नाहीत. बऱ्याचशा दहा-पंधरा पानांच्या, संवाद जवळजवळ नाहीत, सगळं एका माणसाच्या डोक्यात चाललेलं. 'पिट अँड द पेंड्युलम'मधे तर पोची मूळ गोष्ट जेमतेम शेवटाला येते, आधीचं सगळं मॅथेसनच्या पदरचं. हे दर वेळी किती करणार? त्यामुळे 'टेल्स ऑफ टेरर'ला सरळ तीन भाग केले, म्हणजे गोष्ट ताणायलाच नको. ही कल्पना काही नवीन नव्हती म्हणा, जर्मनीत रिचर्ड ओस्वाल्डने १९१९ लाच पाच गोष्टींचा मूकपट केला होता आणि त्यातही पोची काळ्या मांजराची गोष्ट होती, शिवाय ब्रिटनचा १९४५ चा 'डेड ऑफ नाइट' होताच.

पहिला भाग 'मोरेला', पोने १८३५ ला लिहिलेली. हा भाग मला घाईत उरकल्यासारखा वाटतो. शेवटची आगसुद्धा नवीन नाही, 'अशर'च्या वेळी एक जुनं कोठार पेटवून शूट केलं होतं तेच फुटेज. सेटचंही तसंच, कलादिग्दर्शक डॅनियल हॅलर आधीच्या पिक्चरचे सेट जपून ठेवायचा आणि त्यालाच जोडत जायचा, म्हणून या मालिकेतले वाडे एकमेकांचे चुलतभाऊ दिसतात.

मधला भाग म्हणजे मात्र कमाल. 'ब्लॅक कॅट' (१८४३) आणि 'कास्क ऑफ अमोंटिलाडो' (१८४६) या दोन वेगळ्या गोष्टी, पण दोन्हीत माणसाला भिंतीत चिणणं आहे, मॅथेसनने तेवढा धागा पकडून त्या एकत्र विणल्या आणि वर चक्क विनोदी केल्या, कारण तेच ते थडगं आणि तोच तो शाप लिहून तोही कंटाळला असणार. पीटर लॉरे दारुडा माँट्रेसर, प्राइस नाजूक चवीचा फोर्चुनाटो. त्यांची वाइन चाखायची चुरस बघाच. प्राइस चिमुकल्या वाटीतून घोट घेतो, गुळण्या केल्यासारखे गाल फुगवतो, डोळे फिरवतो, मग वाइनचं नाव सांगतो, आणि लॉरे अख्खा पेला घशात ओततो आणि तोही बरोबरच सांगतो. नंतर स्वप्नात त्याची बायको आणि प्राइस त्याचंच मुंडकं बॉलसारखं एकमेकांकडे फेकतात, चित्र मुद्दाम आडवं ताणलेलं.

तिसरी 'वाल्डेमार'ची गोष्ट. मरणाच्या दारातल्या माणसाला संमोहनाखाली ठेवलं तर काय होईल? १८४५ ला ती छापली तेव्हा मेस्मेरिझमचं खूळ जोरात होतं आणि पोने ती अशी कोरडी, डॉक्टरी रिपोर्टसारखी लिहिली की बऱ्याच लोकांना खरीच वाटली. पोच्या गोष्टीत संमोहन करणारा माणूस दुष्ट नाहीये, फक्त प्रयोगाचा सोस आहे. पिक्चरला खलनायक हवा म्हणून संमोहन करणाऱ्या बॅसिल रॅथबोनला मरणाऱ्या वाल्डेमारच्या बायकोवर डोळा ठेवायला लावलं. मला मूळ जास्त भीतीदायक वाटते, पण रॅथबोनचा तो थंड आवाज ऐकला की तक्रार करवत नाही.

मधल्या भागाला लोक हसले, म्हणून १९६३ ला 'द रेव्हन' अख्खाच विनोदी केला. परत प्राइस आणि लॉरे, जोडीला बोरिस कार्लोफ आणि तेव्हा कोणाला फारसा माहीत नसलेला जॅक निकोल्सन. त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीने नॅथेनिअल हॉथॉर्नच्या गोष्टी घेऊन 'ट्वाइस-टोल्ड टेल्स' काढला, तेच तीन भाग आणि तिन्हीत तोच प्राइस. बघायला हरकत नाही, पण त्यात लॉरे नाही आणि ते चांगलंच जाणवतं.