पार्श्वभूमी: ठाणे खाडीतील तांब्याचा आकडा नेमका कशाचा?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील सांडपाण्याचा विषय निघाला की खाडीतील तांबे, जस्त, कॅडमियमचे आकडे पुढे येतात. ते बहुधा एकूण धातूचे असतात. वनस्पतीप्लवकाच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवलांच्या, पेशीला मात्र भिडतो तो मुख्यतः मोकळा आयन, म्हणजे दुसऱ्या कशाला न बांधलेला, विद्युतभार असलेला धातूचा कण.

१९७६ मध्ये विल्यम संडा आणि रॉबर्ट गिलार्ड या संशोधकांनी हे स्पष्ट दाखवले. एकूण तांबे, त्याला बांधून ठेवणारे ट्रिस हे रसायन आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे त्याचे माप) त्यांनी आलटून पालटून बदलले. शैवलांची वाढ मोकळ्या ताम्र आयनांच्या हिशेबाने खुंटत गेली. एकूण तांब्याशी तिचा मेळ बसेना. समुद्राच्या वरच्या थरात विरघळलेले ९९ टक्क्यांहून अधिक तांबे सेंद्रिय रेणूंनी धरून ठेवलेले असते. कॅडमियमला क्लोराइड धरते. म्हणून पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरला की, बाकी सारे सारखे असल्यास, तेवढ्याच कॅडमियममधून जास्त मोकळे आयन सुटतात.

त्या काळातले समुद्रातील धातूंचे बरेच आकडे बाटली, दोर आणि बोट यांतून मिसळलेल्या धातूने फुगलेले होते. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी शिशाच्या बाबतीत ते उघड केले. १९८०च्या दशकात समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी नमुन्यात बाहेरचा धातू मिसळू न देण्याची तीच शिस्त लोहाला लावली. खुल्या समुद्रात लिटरमागे लोह जेमतेम ०.१ नॅनोमोल, म्हणजे हजार लिटरमध्ये ५.६ मायक्रोग्रॅम निघाले. तिथे काही भागांत प्लवक लोहावाचून अडते, हे १९९३ मध्ये गॅलापागोसजवळ ६४ चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडल्यावर दिसले.

खाडीत अडचण वेगळी, गाळाची. तिथे नमुना घेण्याची रीत अशी. पॉलिथिनची बाटली आधी साबणाच्या पाण्यात, मग आठवडाभर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवावी. नमुना होडीच्या पुढच्या टोकावरून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला हात लांबवून घ्यावा. कारण शेवाळ धरू नये म्हणून होडीच्या तळाला लावलेल्या रंगात बरेचदा तांबेच असते. गाळण आधी, आम्ल नंतर. क्रम उलटला तर ओहोटीच्या गढूळ पाण्यातील मातीचे तांबे विरघळून आकडा वाढतो. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून हलक्या दाबानेच गाळावे. जोर दिला तर पेशी फुटतात आणि त्यांच्यातला धातू पाण्यात येतो. मग आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्यावा. मोकळे आयन मोजायचे असतील तर गाळलेल्या पाण्याची दुसरी बाटली आम्ल न घालता गोठवावी, कारण आम्लाने धातूची सेंद्रिय रेणूंशी असलेली बांधणीच सुटते.