नाळ आभाळाकडे का जाते?

थ्रॉटल दिला की छोट्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर उचलते, समोरचं पाणी दिसेनासं होतं आणि इंजिन ओरडत असलं तरी वेग काही वाढत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी इंजिनाच्या कोनाला हात घालतात. आमच्या मते आधी वजनं मोजावीत.

१६ फुटी फायबरची होडी आणि २५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं इंजिन घ्या. मागच्या जेमतेम मीटरभर जागेत इंजिन सुमारे ५० किलो, हँडल धरून बसलेला माणूस ७० किलो, २५ लिटरची भरलेली टाकी २० किलो आणि बॅटरी २५ किलो. १६५ किलो एकाच टोकाला! इंजिन जागचं हलत नाही, पण टाकी आणि बॅटरी हलते. हे ४५ किलो ३ मीटर पुढे नेले, तर ४५ गुणिले ३ म्हणजे १३५. माणसासामानासकट होडीचं वजन ४५० किलो धरून त्याने भागलं की ०.३ येतात. म्हणजे अख्ख्या होडीचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर पुढे सरकला. फक्त बॅटरीची वायर लांबली की जाडही घ्यावी लागते, नाहीतर स्टार्टर नुसता कण्हतो. आणि दोन्ही वस्तू पट्ट्याने घट्ट आवळा.

आता इंजिनाचा कोन ठरवणारी पिन. इंजिन होडीला धरून ठेवणाऱ्या कंसाला (ब्रॅकेटला) चार-पाच भोकं असतात. पिन मागच्या फळीकडच्या भोकात घातली की पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा नाळ खाली दाबतो, बाहेरच्या भोकात घातली की वर उचलतो. इंजिन बंद करून एका वेळी एकच भोक बदला. शांत पाण्यात, तेवढ्याच वजनाने, जाताना आणि येताना असा दोन्ही दिशांचा वेग जीपीएसवर बघून सरासरी काढा, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ हिशेबातून जाते. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला हवीच.

वेगात नाळ घोड्यासारखी वर-खाली उडू लागली, तर पिन एक भोक आत घ्या. उलट नाळ पाण्यात घुसून सुकाणू जड झालं, होडी आपल्याच मनाने वळू लागली, तर एक भोक बाहेर. वळताना इंजिनाचा आवाज एकदम चढला पण होडी पुढे सरकली नाही, तर पंखा वरून हवा ओढतोय. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी.

होडी एका बाजूला कलत असेल, तर ती थांबवून, माणसं रोजच्या जागी बसवून, दोन्ही काठांपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. फरक दिसला तर सामान सरकवा. उभ्या होडीत फरक नाही, कल फक्त चालताना येतो, तर तो बहुधा पंख्याच्या फिरण्याचा उलटा झटका असतो. चालकाने थोडं दुसऱ्या बाजूला बसावं.

बुडात साचलेलं पाणी मात्र सगळा हिशेब उधळतं. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि हे वजन जागेवर राहत नाही: वेग घेताना मागे, कलल्यावर खालच्या बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. बुडात मधोमध, होडीच्या लांबीच्या दिशेने आडोसा घालून डावा-उजवा असे दोन बंद कप्पे केले, तर कल वाढवण्याचा हा परिणाम चौथाईवर येतो. तरी निघण्यापूर्वी पाणी उपसणं सोपं.

हँडल सतत उजवीकडे ओढत असेल, तर त्या आडव्या पट्टीखालचा छोटा पंख सैल करून त्याचं मागचं टोक किंचित उजवीकडे वळवा. डावीकडे ओढत असेल तर डावीकडे. तो पंख जस्ताचा असेल तर त्याला रंग लावू नका. खाऱ्या पाण्यात इंजिनाऐवजी तो झिजावा म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो.