तांबड्या सूर्याचा फोटो पिवळा का येतो?

डोळ्यांपुढे केशरी-तांबडं बिंब आणि फोटोत फिकट पिवळा डाग, मधोमध चक्क पांढरा. अशा वेळी लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात, नाहीतर सॅच्युरेशनची (रंगाच्या गडदपणाची) पट्टी उजवीकडे ढकलतात. पण हे महागड्या कॅमेऱ्यातही घडतं, आणि जो रंग नोंदलाच गेला नाही तो नंतर वाढवणार कुठून?

मावळतीचे किरण डोक्यावरच्या सूर्याच्या किरणांपेक्षा सुमारे ३८ पट हवा कापून येतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो, म्हणून वाटेत निळा गळतो. इथवर शाळेतलंच. खरी गंमत पुढे, सेन्सरमध्ये आहे.

सेन्सरचा प्रत्येक बिंदू म्हणजे प्रकाश साठवणारं एक छोटं भांडं. तांबडा, हिरवा आणि निळा यांची भांडी वेगळी, पण माप सगळ्यांचं ठरलेलं. समजा ते २५५ आहे. आकाशाच्या एका तुकड्यातून तांबडा २००, हिरवा १००, निळा ४० आला, तर रंग छान केशरी. प्रकाश दुप्पट घेतला की हिरवा २००, निळा ८०. तांबडा ४०० व्हायला हवा, पण भांडं २५५ लाच भरलं. जास्तीचा वाया. चौपट घेतला तर २५५, २५५, १६०, म्हणजे फिका पिवळा. आठपट घेतला की तिन्ही भांडी काठोकाठ, म्हणजे पांढरा! प्रकाश वाढत गेला आणि रंग मात्र गेला.

म्हणून एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर घेतलेला प्रकाश, एक-दोन स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). मोबाइलवर सूर्याजवळच्या उजळ ढगावर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढायची. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत कुठला उजेड किती ते दाखवणारा आलेख, पाहायचा तर तांबड्याचा वेगळा पाहावा. एकत्रित आलेख बऱ्याचदा तांबडा भरून वाहतोय हे लपवतो.

दुसरा चोर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपणहून करतो ती रंगांची जुळवाजुळव. केशरी जास्त दिसलं की तो ती चूक समजून निळसरपणा मिसळतो. सेटिंग ‘डेलाइट’वर, साधारण ५५०० केल्विनवर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप), बांधून टाकावी. आकडा १०,००० वर नेला की साधी संध्याकाळही रक्ताळते. ‘आकाश लाल झालं, अनर्थ येणार’ असा फोटो फिरत आला, तर घाबरण्याआधी केल्विन किती ते विचारावं.

आता रचना. सूर्यबिंब जेमतेम अर्धा अंश रुंद. २४ मिलिमीटरच्या लेन्सने ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास उमटतं, म्हणजे टिंबच. एवढ्या टिंबावर अख्खं चित्र कसं उभं राहील? एक्स्पोजर उतरवल्याने जमिनीवरचं सगळं काळं पडणारच. मग निष्पर्ण झाडासारखी नुसत्या बाह्यरेषेवर ओळखू येणारी वस्तू निवडावी, आणि दोन काळे आकार एकमेकांत मिसळू देऊ नयेत. सूर्य मोठा हवा असेल तर मागे सरकावं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावावी: ५ मीटरचं झाड सुमारे ५५० मीटरवरून सूर्याएवढं दिसतं. अशी लेन्स लावल्यावर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला (लेन्समधून थेट पाहायच्या खिडकीला) मात्र डोळा लावू नये, स्क्रीनवरच पाहावं.

बिंब बुडालं की बरेच जण कॅमेरा आवरतात. उंचावरच्या विरळ ढगांवर तर ऊन त्यानंतरच खालून पडतं, आणि आकाश-जमिनीतला उजेडाचा फरक कमी झाल्याने भांडीही उतू जात नाहीत. तेवढ्यात एकदा मागे वळावं. पूर्व क्षितिजावर गुलाबी पट्ट्याखाली जो निळसर करडा थर हळूहळू वर चढतो, ती पृथ्वीची सावली.