एक ग्रॅम पाणी आणि वाया गेलेलं कास्टिंग

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणाही फौंड्रीवाल्याशी, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्याशी, थोडं बोला, ब्लो होलची तक्रार निघतेच. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून घडवलेला भाग, बाहेरून अगदी निर्दोष दिसतं. माल मशीन शॉपला जातो, लेथवर पहिला कट लागतो आणि आतली गुळगुळीत, चकचकीत पोकळी उघडी पडते. हेच ब्लो होल. पंपाचं केसिंग असेल तर तिथून पाणी झिरपणार. मग तो नग भंगारात, तिथून पुन्हा भट्टीत. पहिल्यांदा वितळवताना जळालेली वीज गेली ती गेलीच.

ही पोकळी वायूने केलेली असते, आणि तो वायू बहुतेक वेळा साच्यातूनच आलेला असतो. ओल्या वाळूचा साचा बेंटोनाइट मातीने धरून ठेवलेला असतो. त्या मातीला चिकटपणा येण्यासाठी तीन-चार टक्के पाणी लागतंच. या साच्यात १४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस उतरला की भिंतीलगतच्या पाण्याची क्षणात वाफ होते. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक घन सेंटिमीटर. १०० अंशांना त्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा घेते. तीच वाफ १४०० अंशांपर्यंत तापली तर साडेसात लिटरच्या वर जाते, म्हणजे मूळ पाण्याच्या साडेसात हजार पट. यातली थोडी वाफ तापलेल्या लोखंडाला ऑक्सिजन देऊन टाकते आणि मागे हायड्रोजन उरतो. पण त्यामुळे जागा वाचत नाही. दाब आणि तापमान सारखं असेल तर सारख्या आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू सारखेच मावतात, असं अ‍ॅव्होगाड्रो या शास्त्रज्ञाने १८११ मध्ये मांडलं होतं. पाण्याच्या एका रेणूमागे हायड्रोजनचा एक रेणू तयार होतो, म्हणून जागाही तेवढीच लागते.

एवढी जागा साच्यात कुठून येणार? जागा मिळाली नाही की दाब चढतो. वायूला दोनच वाटा असतात. एक वाळूच्या कणांमधल्या फटींतून बाहेर जाणारी, दुसरी रसात शिरणारी. रसात शिरायला त्याला बाहेरच्या हवेचा दाब आणि वरच्या रसाचं वजन, दोन्ही रेटावं लागतं. वीस सेंटिमीटर खोल रसाचा दाब किती? वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा. वाळू फार बारीक असली, जास्त ठोकली गेली किंवा ओल थोडी वाढली, की हा अडसर सहज ओलांडला जातो. बुडबुडा आत जातो आणि वर येण्याआधी भोवतालचं लोखंड थिजलं तर तिथेच अडकतो.

म्हणूनच जाणता मोल्डर, म्हणजे साचा करणारा कारागीर, साच्याला सळईने व्हेंट (वायू जायला बारीक भोकं) मारल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोअर (कास्टिंगची आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) वाळवून घेतात, वाळूची ओल पुन्हा पुन्हा तपासतात, लॅडल (रस नेऊन ओतायचं भांडं) आधी तापवतात. लॅडलच्या अस्तरात ओल राहिली तर वाफ रसाखाली कोंडते आणि रस उसळून अंगावर येतो. माझ्या मते फौंड्रीत नव्याने आलेल्या पोराला हे गणित पहिल्याच दिवशी आकड्यांसकट सांगायला हवं. इथे प्रश्न मालाचा नाही, माणसाचा आहे.

या सगळ्यामागचे नियम जुने आहेत. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर वायूचं आकारमान निम्मं होतं, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलं. वाकवलेल्या काचेच्या नळीत पारा ओतून त्याने ते मोजलं होतं. दाब तोच ठेवून तापवलं तर आकारमान वाढतं. शार्ल या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर १७८७ च्या सुमारास काम केलं, पण छापलं नाही. गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये स्वतःचे प्रयोग छापताना श्रेय शार्ललाही दिलं. कारण सोपं आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात आणि भिंतीवर आपटतात. त्या माऱ्यालाच आपण दाब म्हणतो. तापमान वाढलं की रेणू वेगाने धावतात, आणि जागा कमी केली की ते भिंतीवर अधिक वेळा आपटतात.

हिशेब करताना मात्र एक पथ्य पाळावं लागतं. तापमान सेल्सिअसमध्ये नाही, केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे. २० चे ४० अंश झाले म्हणून वायू दुप्पट होत नाही. २९३ चे ३१३ होतात, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ.

हाच हिशेब ऊस वाहणाऱ्या ट्रकच्या टायरला लावून बघा. सकाळी २५ अंशांना गेजवर १०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) हवा भरली. गेज बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतो, म्हणून कोल्हापूरच्या हवेचे पावणेचौदा पीएसआय त्यात मिळवायचे. ओझं आणि रस्ता यांनी टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली, तर गेज ११५ च्या आसपास दाखवेल. इथे घाबरून हवा सोडणारे बरेच असतात. टायर गार झाला की तीच हवा कमी पडते, टायर जास्त दबतो आणि आणखी तापतो. दाब बघायचा तो टायर गार असताना.

गगनबावड्यात घट्ट बूच लावलेली रिकामी प्लास्टिकची बाटली करूळ घाट उतरून वैभववाडीला पोचेपर्यंत चेपलेली दिसते, तेही बॉइलच्या नियमामुळेच. पाच-सहाशे मीटर खाली उतरलं की हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. खाली उकाडा असतो, त्याने आतली हवा थोडी फुगतेही, पण तीन-चार अंशांनी आकारमान एखाद-दीड टक्काच वाढतं. दाबाचीच सरशी होते.

स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत मात्र हे गणित चालत नाही. तिच्यात वायूबरोबर द्रवही असतो. वायू वापरला की द्रवातून नवा वायू तयार होतो, त्यामुळे तापमान तेच असेल तर टाकी भरलेली असो वा संपत आलेली, दाब जवळपास तोच राहतो. शेवटचा थेंब संपेपर्यंत ज्योत दमदार असते ती म्हणून. किती गॅस उरलाय हे दाबावरून कळत नाही, टाकी वजनकाट्यावरच ठेवावी लागते. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर लिहिलेलं असतं. ते वजा केलं की उरलेला गॅस समजतो. नव्या घरगुती टाकीत तो १४.२ किलो असायला हवा.