नगररचनेतील सार्वजनिक कला

रस्ते, चौक, उद्याने, पूल, स्थानके अशा सर्वांना खुल्या असलेल्या जागी उभारलेली शिल्पे, भित्तिचित्रे, कारंजी आणि प्रकाशरचना यांना सार्वजनिक कला म्हणतात. ती पाहायला तिकीट लागत नाही, पण रोजच्या वाटेवर असली तर टाळताही येत नाही. त्यामुळे ती कुठे असावी हे कोणी ठरवले, या प्रश्नाला तिच्या सौंदर्याइतकेच वजन आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने, गोद्या आणि खाणी बंद पडून ओस झालेले भाग पुन्हा नांदते करण्याच्या योजनांत तिला ठळक स्थान मिळाले.

कलावस्तूंच्या आधारे शहराची मांडणी करणे मात्र जुनेच आहे. पोप सिक्स्टस पाचवे यांच्या कारकिर्दीत (१५८५–९०) दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने रोममध्ये चार प्राचीन ओबेलिस्क (वर निमुळते होत जाणारे उंच दगडी स्तंभ) पुन्हा उभे केले. सेंट पीटर्स या चर्चसमोरचा ओबेलिस्क १५८६ मध्ये उभा राहिला. त्याच्याभोवतीचा आजचा भव्य चौक शिल्पकार-वास्तुविशारद बर्निनीने आखला तो थेट सतराव्या शतकात. आधी खूण रोवली गेली आणि शहर तिच्याभोवती घडत गेले. पुढे १८८९ मध्ये व्हिएन्नाचे वास्तुविशारद कामिल्लो सिट्टे यांनी पुतळे चौकाच्या मधोमध न बसवता कडेला, ये-जा सोडून उरणाऱ्या जागी ठेवावेत, असे मांडले. हा सल्ला आजही तितकाच उपयोगाचा आहे.

आधुनिक काळात या कलेला पैसा मिळाला तो बांधकामखर्चाच्या टक्केवारीतून. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या बांधकामखर्चातील १ टक्का कलेसाठी राखून ठेवला. अमेरिकेत १९५९ मध्ये फिलाडेल्फियाने असाच नियम केला आणि तो अनेक शहरांत पसरला. या पद्धतीत एक अंगभूत दोष आहे. इमारतीचा आराखडा पक्का झाल्यावर कलावंताला बोलावले जाते आणि उरलेल्या कोपऱ्यात काहीतरी बसवले जाते. कलावंत पहिल्या नकाशापासून सोबत असेल, तर बाके, पायऱ्या, फरसबंदी, दिवे या गोष्टीही कलाकृतीचा भाग होऊ शकतात.

पुनरुज्जीवनाचे सर्वाधिक चर्चेतले उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील गेट्सहेड. तेथे एका बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर १९९८ मध्ये अँटनी गॉर्मली यांचे ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ हे २० मीटर उंच आणि ५४ मीटर पंखविस्ताराचे पोलादी शिल्प उभे राहिले. सुरुवातीला त्याला कडाडून विरोध झाला होता, पण पुढे तेच त्या भागाची ओळख बनले. खाणी गेल्या तरी पोलाद घडवणारे हात त्या प्रदेशात होते, आणि शिल्पाचे भाग जवळच्याच हार्टलपूलमध्ये तयार झाले. तरीही गेट्सहेडच्या पालटाचे सगळे श्रेय एका शिल्पाला देणे चूक आहे. टाइन नदीवरचा नवा पादचारी पूल २००१ मध्ये आला आणि जुन्या पीठगिरणीतले बाल्टिक कलादालन २००२ मध्ये. या कामांतून नदीकाठ माणसांसाठी खुला झाला.

याच्या नेमके उलट घडले न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात. रिचर्ड सेरा यांचे ‘टिल्टेड आर्क’ ही १२० फूट लांब, १२ फूट उंच अशी पोलादी भिंत १९८१ मध्ये या चौकात आडवी उभी राहिली. आसपासच्या कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांना रोज तिला वळसा घालून जावे लागे. १९८५ च्या जाहीर सुनावणीत १२२ जण शिल्पाच्या बाजूने बोलले आणि ५८ विरोधात, तरी ते हटवण्याचा निर्णय झाला. १९८९ मध्ये ते कापून काढले गेले. सेरा यांच्या मते ते त्याच जागेसाठी घडवलेले होते आणि हलवणे म्हणजे नष्ट करणे. त्यांचे म्हणणे कलेच्या दृष्टीने खरे होते, आणि दुपारी बसायला मोकळी जागा मागणाऱ्यांचेही. चूक होती ती त्या चौकात रोज वावरणाऱ्यांना आधी विश्वासात न घेण्याची.

सर्वांत अवघड प्रश्न यशाचा आहे. रंगलेल्या भिंतींमुळे वस्तीचे नाव होते, जागेचे भाव चढतात आणि जुन्या भाडेकरूंना राहणे परवडेनासे होते. बर्लिनच्या क्रॉयत्सबेर्ग भागात ब्लू या कलावंताची दोन प्रचंड भित्तिचित्रे २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने काळ्या रंगाने पुसली गेली. चित्रांच्या लौकिकावर तिथली जमीन विकली जाऊ नये, हा त्यामागचा निषेध होता. ह्यूस्टनमध्ये १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रोजेक्ट रो हाउसेस’ने वेगळी वाट धरली. रिक लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतील छोटी घरे वाचवली, काही घरांत कलाकृती मांडल्या आणि काही एकट्या तरुण मातांना राहायला दिली. कलेसोबत निवाऱ्याची हमी असणारे असे प्रकल्प फार कमी आहेत, आणि म्हणून त्याचे मोल मोठे आहे.

देखभाल आणि हक्क यांकडेही दुर्लक्ष होते. उन्हापावसात रंग उडतो, जोड गंजतात, पण निधी बहुधा उभारणीपुरताच असतो. न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या इमारतीवरची चित्रे मालकाने २०१३ मध्ये पांढऱ्या रंगाने झाकली. दृश्यकलावंतांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या अमेरिकी कायद्याखाली न्यायालयाने २०१८ मध्ये २१ कलावंतांना सुमारे ६७ लाख डॉलर भरपाई देण्याचा निकाल दिला, आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला.