तुरटी फिरवली, मग टीसीएल कशाला?

पावसाळ्यात विहिरीला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी वरचं नितळ पाणी माठात ओतायचं. ही रीत चांगलीच आहे. पण पाणी निवळलं म्हणजे ते पिण्यालायक झालं असं धरून चालतात, तिथे घात होतो.

तुरटीचं काम गाळ बसवण्याचं. मातीचे बारीक कण एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीमुळे ते गोळा होऊन तळाशी जातात. काही जंतूही त्यांच्यासोबत खाली जातात, पण मरत नाहीत. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू काचेसारख्या नितळ पाण्यातही असू शकतात.

जंतू मारते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यातला क्लोरीन हे काम करतो आणि त्याला निदान अर्धा तास लागतो. गाळ मात्र ती बसवत नाही. उलट गढूळ पाण्यात बराचसा क्लोरीन त्या घाणीवरच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटी, मग क्लोरीन. घरी हंड्यापुरतं करायचं तर मेडिक्लोर या क्लोरीनच्या द्रावणाचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घालावेत, नाहीतर पाणी उकळावं.

टीसीएलची भुकटी तशीच टाकीत ओतू नये. बादलीत कालवून ठेवावी, चुना खाली बसला की वरची निवळी तेवढी टाकीत सोडावी. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग ढीगभर टाकूनही उपयोग नाही.

खरी अडचण वासाची आहे. नळाला 'औषधाचा वास' आला की बाया हंडा घेऊन झऱ्यावर किंवा जुन्या विहिरीवर जातात. पायपीट वाढतेच, शिवाय घरी येतं ते बिनऔषधाचं पाणी. घरात कुणाला हगवण लागली की सलाईनपाशी बसायला तीच बाई आणि बुडते तीही तिचीच मजुरी. 2022 च्या जुलैमध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी, कोयलारी या गावांत उघड्या विहिरीच्या पाण्यातून साथ पसरली आणि माणसं दगावली. त्या सौम्य वासाला नाक मुरडू नका, एवढं मी हात जोडून सांगेन.

क्षार आणि फ्लोराइडवर मात्र घरगुती तुरटी चालत नाही आणि टीसीएलही चालत नाही. खारपाणपट्ट्यात त्यासाठी वेगळी सोयच लागते.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत कळतं: नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. जलसुरक्षकाला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या पाणी बघणाऱ्या माणसाला, ही चाचणी नुसती टाकीपाशी नाही, गावातल्या शेवटच्या घराच्या नळावरही करायला सांगा. टाकीजवळ पिवळा रंग आला आणि त्या शेवटच्या नळावर रंगच आला नाही, तर मधे कुठे पाइप फुटून गटाराचं पाणी शिरतंय का, ते आधी बघायला हवं.