आठवण पक्की होते ती जनुकं कामाला लागल्यावर

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात बर्नार्ड ॲग्रानॉफ गोल्डफिशना एक धडा शिकवत होते. दिवा लागला की अडथळा ओलांडून टाकीच्या पलीकडच्या भागात जायचं, नाहीतर विजेचा झटका बसतो. मासे हे शिकत. पण धडा संपताच त्यांच्या कवटीत प्युरोमायसिन टोचलं, तर काही दिवसांनी ते सगळं विसरलेले असत. तेच औषध तासाभराने टोचलं तर आठवण शाबूत राही. आणि धड्याच्या आधीच टोचलं तरी मासे नेहमीसारखेच शिकत, फक्त शिकलेलं टिकत नसे.

प्युरोमायसिन पेशीत नवी प्रथिनं बनू देत नाही. थोडक्यात, शिकण्यासाठी पेशीत असलेली सामग्री पुरते, पण शिकलेलं टिकवायचं तर नवी प्रथिनं लागतात. प्रथिनं बनवायची म्हणजे केंद्रकातली जनुकं वाचली जायला हवीत. मग सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी जे घडलं, त्याची खबर केंद्रकापर्यंत जाते कशी?

याचा माग एरिक कॅन्डेल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगायीत काढला. त्यासाठी २००० सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या प्राण्याच्या चेतापेशी अवघ्या २० हजारांच्या आसपास, आणि काही तर नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. शेपटीला एक झटका दिला की पुढे काही मिनिटं साध्या स्पर्शानेही ती कल्ला जोरात आत ओढून घेते. झटक्यामुळे सेरोटोनिन हे चेतापेशींमधलं संदेशवाहक रसायन सुटतं, पेशीच्या आत निरोप पोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू वाढतो, त्यामुळे पीकेए नावाचं विकर जागं होतं आणि सिनॅप्समधून ग्लुटामेट, म्हणजे पुढच्या पेशीला संदेश देणारं रसायन, जास्त प्रमाणात बाहेर पडतं. हा सगळा तात्पुरता कारभार.

झटके थांबून थांबून, पुन्हा पुन्हा दिले तर मात्र पीकेए थेट केंद्रकात शिरतं आणि क्रेब-१ या प्रथिनाला चालना देतं. क्रेब-१ डीएनएला चिकटून ठरावीक जनुकं सुरू करतं. नवी प्रथिनं तयार होतात, नवे सिनॅप्स फुटतात. एका संवेदी पेशीच्या सुमारे १,३०० सिनॅप्सची संख्या अशा प्रशिक्षणानंतर जवळपास दुप्पट झालेली आढळली. दीर्घकालीन स्मृतीमुळे मेंदूची रचनाच बदलते, ती ही अशी.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतो तो क्रेब-२. हा ब्रेक आहे. एरवी तो ही जनुकं दाबून ठेवतो. १९९५ मध्ये कॅन्डेल यांच्या प्रयोगशाळेत पेशीत क्रेब-२ ला अडवणारी प्रतिपिंडं सोडून हा ब्रेक निकामी केला, तेव्हा झटक्याऐवजी एरवी पाच वेळा द्यावं लागणारं सेरोटोनिन एकदाच देऊनही परिणाम दिवसभरापेक्षा जास्त टिकला. विसरण्याला आपण मेंदूची दुर्बलता समजतो. पण इथे तर प्रत्येक गोष्ट कायमची कोरली जाऊ नये म्हणून पेशीने स्वतःच पहारा बसवलेला दिसतो.

सस्तन प्राण्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, सुरुवात ग्लुटामेट आणि कॅल्शियमपासून होते, पण वाट क्रेबपाशीच येते. तिथे हिस्टोन प्रथिनांवर ॲसिटिल गट बसतात, त्यांच्याभोवती गुंडाळलेला डीएनए सैल होतो आणि जनुकं वाचणं सोपं जातं.

एक पेच उरतो. केंद्रक एकच आणि सिनॅप्स हजारो. मग नवी प्रथिनं नेमक्या कुठल्या सिनॅप्सच्या कामी येतात? उवे फ्राय आणि रिचर्ड मॉरिस यांनी १९९७ मध्ये याचं उत्तर मांडलं: नुकत्याच उत्तेजित झालेल्या सिनॅप्सवर काही काळ रासायनिक खूण राहते आणि पेशीत फिरणारी प्रथिनं तिथेच धरली जातात. खूण उमटायला क्षीण उत्तेजनही पुरतं. प्रथिनं दुसऱ्याच एखाद्या जोरकस घटनेमुळे बनलेली असली तरी चालतं. २००७ मध्ये अर्जेंटिनात उंदरांवर हे पडताळून पाहिलं गेलं. जो धडा एरवी लवकरच पुसला गेला असता, तो त्याच सुमारास, तासाभराच्या अंतराने, अनोळखी जागेत फिरवलेल्या उंदरांच्या दुसऱ्या दिवशीही लक्षात होता.